रँग्लर परांजपे : पहिल्या क्रमांकाचे ऋण

दरवर्षी उन्हाळ्याच्या सुमारास परीक्षांचे निकाल लागू लागले, म्हणजे आमच्या शेंद्र्यातील घरोघरी एकच विचारपूस सुरू होते. अमक्याच्या मुलाचा नंबर कितवा आला, तमक्याच्या मुलीस गणितात किती गुण पडले, याचीच चर्चा ओसरीवर, पाणवठ्यावर आणि कारखान्याच्या फाटकाशी चालते. ज्यांचा नंबर वर असतो त्यांच्या घरी पेढे येतात. ज्यांचा नसतो त्यांच्या घरी त्या दिवशी चूलही उदास पेटते. शाळेच्या पायरीवरून विद्यापीठाच्या पायरीवर गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांचीही तीच गोष्ट आहे. संभाजीनगर शहराच्या पलीकडील अंगास, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी आपले विद्यापीठ वसलेले आहे. गणितात वा संख्याशास्त्रात पहिले येऊन पदवीदान समारंभात पारितोषिक घ्यावे, अशी आकांक्षा आमच्यापैकी कित्येकांच्या मनात असते. ही आकांक्षा चांगलीच आहे. तिला आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु पहिला क्रमांक मिळाल्यानंतर त्याचे करावयाचे काय, हा विचार फारसा कोणी करीत नाही. ज्या पुरुषाने हा विचार आपल्या आचरणाने सोडवून दाखविला, त्याचे चरित्र या वर्षीच्या अंकात आमच्या वाचकांपुढे ठेवावे, असे आम्ही योजिले आहे. ते पुरुष म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे होत. गणितातील अत्यंत कठीण समजल्या जाणाऱ्या परीक्षेत पहिले येणारे ते पहिले हिंदी विद्यार्थी. त्यांच्या नावामागे लागलेली रँग्लर ही पदवी महाराष्ट्राने त्यांच्या नावाचाच एक भाग करून टाकली होती.

रघुनाथरावांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, मुर्डी या लहानशा गावी झाला. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस डोंगर, अशा त्या मुलखात नारळी-पोफळीच्या बागा पुष्कळ. पण रोकड पैसा थोडा. विद्येची हौस मात्र तेथील घरांतून कमी नव्हती. मुलगा हुशार निघाला, तर त्यास शिकावयास कोठे पाठवावे आणि तेथे त्याच्या जेवणाखाणाची सोय कोणी करावी, हीच तेथील आईबापांची मुख्य अडचण असे. आमच्या भागातील पालकांस ती अडचण निराळी समजावून सांगावयास नको.

रघुनाथाच्या बाबतीत ही अडचण दूर करणारे गृहस्थ नात्यातच निघाले. पुढे महर्षी म्हणून सर्व देशाने ज्यांस वंदन केले, ते धोंडो केशव कर्वे नात्याने रघुनाथाचे बंधू होत. कर्व्यांनी स्वतः विद्येसाठी अतिशय कष्ट सोसले होते. लहानपणी एका परीक्षेस बसण्याकरिता ते कोकणातून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वय लहान दिसते या कारणावरून त्यांस परत फिरावे लागले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. ज्याने स्वतः काटे तुडविले, त्यास दुसऱ्याच्या पायातील काटा लवकर दिसतो. कर्वे मुंबईत निरनिराळ्या शाळांतून गणित शिकवून चरितार्थ चालवीत होते. मिळकत बेताची असतानाही त्यांनी या लहान भावाच्या शिक्षणाचा भार आपल्या अंगावर घेतला. मुंबईच्या मराठा हायस्कुलात रघुनाथाचे शिक्षण झाले. पुढे रघुनाथराव फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले, आणि मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत त्यांचे नाव अग्रभागी झळकू लागले.

येथे आमच्या वाचकांनी क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८८५ साली पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा तेथे गणित शिकविणारे गुरू होते बाळ गंगाधर टिळक. टिळकांचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे. टिळकांनी १८९० साली संस्था सोडली, आणि त्यांच्या जागी गणित शिकविण्यासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी मुंबईहून कर्व्यांस बोलावून घेतले. गोखले स्वतःही गणित शिकवीत असत, आणि शाळांकरिता त्यांनी अंकगणिताचे पुस्तकही लिहिले होते. अशा रीतीने छत्र्यांपासून टिळकांपर्यंत व पुढे कर्व्यांपर्यंत चालत आलेली गणिताची ही ज्योत रघुनाथरावांच्या हाती आली. बुद्धी ईश्वराने दिली खरी. पण त्या बुद्धीत तेल घालणारे हात पुष्कळ होते, आणि ही जाणीव त्यांनी अखेरपर्यंत विसरू दिली नाही.

१८९६ साली सरकारी शिष्यवृत्ती मिळवून रघुनाथराव विलायतेस गेले व केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. मुर्डीसारख्या खेड्यात वाढलेला, वीस वर्षांचा तरुण समुद्र ओलांडून त्या थंड मुलखात गेला, तेव्हा त्यास काय काय वाटले असेल, याची कल्पना आमच्या वसतिगृहातील मुलांनी करून पाहावी. हवा निराळी, अन्न निराळे, भाषा परकी, आणि बरोबरीस बसणारे विद्यार्थी साऱ्या इंग्लंडातून निवडून आलेले!

केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेस ट्रायपॉस असे म्हणतात. ही परीक्षा कित्येक दिवस चाले. प्रश्न असे बिकट असत, की उत्तम विद्यार्थ्यांसही ते सर्व सोडविता येत नसत. नुसते ज्ञान तेथे पुरत नसे. थोड्या वेळात पुष्कळ उदाहरणे न चुकता सोडविण्याचा सराव लागे, आणि त्याकरिता विद्यार्थी वर्षानुवर्षे खासगी शिक्षकांच्या हाताखाली तालीम घेत. पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्यांस रँग्लर म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ वाद घालणारा असा आहे. त्या सर्वांत जो पहिला येई तो सीनियर रँग्लर. निकालाच्या दिवशी विद्यापीठाच्या सभागृहात गुणानुक्रमे नावे वाचून दाखवीत, आणि पहिल्या आलेल्याचे नाव दुसऱ्या दिवशी देशभरच्या वृत्तपत्रांत छापून येई. सर्वांच्या शेवटी उत्तीर्ण होणाऱ्यास त्याचे सोबती थट्टेने लाकडी चमचा देत. यावरून त्या विद्यापीठात क्रमांकाचे वेड किती होते, हे दिसून येईल.

रघुनाथरावांच्या पूर्वी हिंदी विद्यार्थी रँग्लर झाले नव्हते असे नाही. बंगालचे आनंदमोहन बोस १८७४ साली रँग्लर झाले होते. परंतु पहिल्या स्थानावर कोणीही हिंदी मनुष्य पोहोचला नव्हता. सन १८९९ च्या निकालात रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे नाव पहिले आले. पेम्ब्रोक कॉलेजचे जॉर्ज बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्यास तितकेच गुण पडल्यामुळे तो मान दोघांत विभागला गेला. तथापि विभागला गेल्याने त्याचे तेज यत्किंचितही कमी झाले नाही. हिंदी माणसाची बुद्धी पाठांतरापुरतीच चालते, असे मानणारे लोक त्या काळी थोडे नव्हते. त्यांस या एका निकालाने जे उत्तर मिळाले, ते शंभर व्याख्यानांनी मिळाले नसते. बातमी हिंदुस्थानात येऊन पोहोचली, तेव्हा पुण्यामुंबईत आनंदाची लाट उसळली. ज्यांस गणिताचा गंध नव्हता, अशा लोकांसही आपण स्वतःच परीक्षा उतरलो, असे वाटू लागले.

आता कसोटीचा प्रसंग आला. १९०१ साली सेंट जॉन्स कॉलेजाने रघुनाथरावांस आपले फेलो निवडले. हा मान हिंदी मनुष्यास त्या काळी दुर्लभ होता. पॅरिस व गटिंगेन येथील विद्यापीठांतही त्यांनी काही काळ अध्ययन केले. विलायतेत राहून गणिताचे संशोधन करावे, अथवा मोठ्या पगाराची सरकारी नोकरी धरावी, हे दोन्ही मार्ग त्यांच्यापुढे मोकळे होते. परंतु ज्या संस्थेने आपणास घडविले तिच्याच सेवेत आयुष्य वेचावे, असा त्यांचा निश्चय होता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांस अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घ्यावे लागे. जगातील पहिल्या प्रतीच्या विद्यापीठात पहिला आलेला हा पुरुष ते व्रत घेऊन पुण्यास परत आला. १९०२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो फर्ग्युसन महाविद्यालयाचा प्राचार्य झाला.

या निर्णयात त्यांनी काही गमावले की काय, असा प्रश्न पुढे विचारला गेला आहे, आणि तो टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. गणिताच्या इतिहासात परांजप्यांच्या नावाने ओळखला जाणारा मोठा सिद्धांत नाही. केंब्रिजमध्ये राहून त्यांनी संशोधन केले असते, तर कदाचित तसा सिद्धांत झालाही असता. प्राचार्याचा दिवस वर्गात, कचेरीत आणि वर्गणीच्या विवंचनेत जातो. गूढ प्रमेयांच्या चिंतनास त्यात निवांतपणा कोठून मिळणार? हा तोटा खराच होता. परंतु तो सोसण्यास कोणी तयार झाले नसते, तर खेड्यापाड्यांतून पुण्यास आलेल्या मुलांस गणित कोणी शिकविले असते, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. रघुनाथरावांनी दोन्ही पारड्यांत काय आहे ते पाहिले, आणि दुसरे पारडे उचलून आपल्या खांद्यावर घेतले.

जवळजवळ दोन तपे, मधला थोडा खंड वगळता, ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. गणित ते स्वतः शिकवीत. शिस्तीच्या बाबतीत ते कडक असत, आणि तो कडकपणा सर्वांस रुचे असे नाही. १९०५ साली पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा तीत पुढाकार घेणाऱ्या विनायक दामोदर सावरकर या आपल्या विद्यार्थ्यास त्यांनी दहा रुपये दंड केला व वसतिगृहातून काढून टाकले. याबद्दल केसरीतून त्यांच्यावर कठोर टीका झाली, आणि ती टीका करण्याजोगा तो प्रसंग होता, असे पुष्कळांस आजही वाटते. रघुनाथराव राजकारणात गोखल्यांच्या नेमस्त पंथाचे होते. धर्माच्या बाबतीत ते बुद्धिवादी होते, व ते त्यांनी कधी लपवून ठेवले नाही. आमच्या श्रद्धावान वाचकांस त्यांची मते पटतील असे नाही. परंतु जे पटले ते बोलावे आणि लोकापवादास भिऊ नये, हा त्यांचा गुण कोणत्याही श्रद्धावंताने घ्यावा असाच आहे.

ज्या कर्व्यांनी त्यांस लहानपणी हात दिला, त्यांचे ऋण फेडण्याचा योगही आला. १९१६ साली कर्व्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ काढले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे कुलपती झाले, आणि कुलगुरूचे पद रघुनाथरावांनी स्वीकारले. पुढे १९२१ ते १९२३ या काळात ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांच्याच कारकीर्दीतील होय. त्यानंतर लंडन येथील भारतमंत्र्यांच्या मंडळाचे सभासद, १९३२ ते १९३८ पर्यंत लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, १९४४ ते १९४७ पर्यंत ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हाय कमिशनर, आणि वयाची ऐंशी वर्षे झाल्यावर १९५६ ते १९५९ पर्यंत पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, अशी एकामागून एक पदे त्यांनी भूषविली. १९४२ साली त्यांस सर ही पदवी मिळाली होती. परंतु लोकांच्या तोंडी त्यांचे नाव अखेरपर्यंत रँग्लर परांजपे असेच राहिले. ६ मे १९६६ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

आता ज्या क्रमांकामुळे ते प्रसिद्धीस आले, त्या क्रमांकाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. रघुनाथरावांच्या यशानंतर अवघ्या दहा वर्षांनी केंब्रिजने गुणानुक्रमे नावे जाहीर करण्याची चाल बंद केली. १९०९ साली ती यादी शेवटची वाचली गेली. ही चाल मोडावी म्हणून झटणाऱ्यांत गॉडफ्रे हॅरल्ड हार्डी हे थोर गणिती होते, आणि ते स्वतः १८९८ साली चौथे रँग्लर होते. नंबराच्या शर्यतीत गणितच मागे पडते, असे त्यांचे म्हणणे. विचार करता त्यात तथ्य दिसते. विजेचे व प्रकाशाचे कोडे उलगडणारे मॅक्सवेल आणि लॉर्ड केल्व्हिन हे दोघेही आपापल्या वर्षी दुसरे आले होते. त्यांच्या वर्षी पहिले कोण आले हे आज किती जणांस ठाऊक आहे? याच हार्डींनी १९१४ साली मद्रासकडील श्रीनिवास रामानुजन यांस केंब्रिजला नेले. रामानुजन कॉलेजच्या परीक्षेत नापास होऊन आपली शिष्यवृत्ती गमावून बसले होते. पण १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. नंबर वर आला नाही म्हणून ज्या घरी चूल उदास पेटते, त्या घरच्या आईबापांनी ही हकीकत मुलांस अवश्य सांगावी.

मुलींकरिता तर यादीचा इतिहास अधिकच बोधप्रद आहे. १८९० साली न्यूनहॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीस सीनियर रँग्लरपेक्षाही अधिक गुण पडले. परंतु ती स्त्री असल्यामुळे तिचे नाव पुरुषांच्या यादीत घातले नाही, व तिला पदवीही दिली नाही. स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीने पदवी देण्यास केंब्रिजला १९४८ साल उजाडावे लागले. रघुनाथरावांनी आपली कन्या शकुंतला हिला त्याच न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकावयास पाठविले, आणि ती १९२९ साली तेथील शिक्षण पुरे करून आली. ज्या मार्गावर आपण पहिले आलो, तो मार्ग मुलीसही मोकळा असावा, ही बुद्धी त्या काळी फार थोड्या पित्यांस होती. आमच्या गावात मुलीस बारावीनंतर पुढे शिकवावे की नाही, याचा खल करणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा, अशी आमची त्यांस नम्र विनंती आहे.

फर्ग्युसनमध्ये रघुनाथरावांनी जी परंपरा दृढ केली, तिला पुढे पुष्कळ फळे आली. रँग्लर गणेश सखाराम महाजनी हे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे फर्ग्युसनमधून १९३२ साली पदवीधर झाले. त्यांनी संख्याशास्त्राचा उपयोग शेतीच्या उत्पन्नाचा अंदाज बांधण्यास आणि गोरगरिबांच्या आहाराचा हिशेब लावण्यास करून दाखविला. १९६३ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांस गाय पदकाने गौरविले. खेड्यातून निघालेला विद्यार्थी, त्यास शिकविणारे महाविद्यालय, आणि विद्येचे फळ पुन्हा शेतकऱ्याच्या ताटापर्यंत पोहोचणे, हीच त्या परंपरेची खरी मिळकत होय.

रघुनाथराव केंब्रिजला शिकत होते, तेव्हा आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि येथल्या मुलास विद्यापीठाचे तोंड पाहावयाचे तर दूरदेशी जावे लागे. १९५८ साली मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ मिळाले. आज शेंद्र्याच्या मुलास वा मुलीस गाडीत बसून तासाभरात त्याच्या दाराशी जाता येते. मुर्डीच्या रघुनाथास जे सात समुद्रांपलीकडे शोधावे लागले, त्यातील पुष्कळसे आता आपल्या वेशीजवळ आले आहे. तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी गणितास भिऊ नये. पारितोषिकाची इच्छा अवश्य धरावी. ते मिळाले तर आनंदाने घ्यावे, आणि न मिळाले तर खचून न जाता अभ्यास पुढे चालू ठेवावा.

परंतु ज्याच्या गळ्यात पदक पडेल, त्याने त्या दिवशी घरी आल्यावर एक हिशेब अवश्य मांडावा. आपणास पहिली उजळणी कोणी शिकविली, फीचे पैसे कोणी व कसे भरले, रात्री दिवा कोणी लावून ठेवला, पुस्तक कोणी उसने दिले, ही सर्व नावे त्याने एका कागदावर लिहावी. रघुनाथरावांच्या कागदावर कर्व्यांचे नाव पहिले होते. मग त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूस, आपण ज्यांस शिकविणार आहोत अशा मुलांची नावे लिहावयास त्याने प्रारंभ करावा. शेजारच्या घरातील, अपूर्णांकाशी झगडणाऱ्या पाचवीतल्या एखाद्या मुलापासून सुरुवात केली तरी पुरे. दोन्ही बाजूंची बेरीज ज्या दिवशी सारखी होईल, त्या दिवशी पहिल्या क्रमांकाचे ऋण फिटले, असे त्याने खुशाल समजावे.